जागा सांगायची नसते

हार्टनेलच्या पाण्यावर कोणालाही विचारा, मासा कुठे लागला? उत्तर एकच येणार: "पंपघरासमोर."

पंपघर म्हणजे धरण बांधतानाची विटांची खोली. तिचं छप्पर वाऱ्याने कधीच नेलं. समोर सरळ खोल उतरत गेलेला खडक, ना गवत ना किडा. तिथे ट्राउट येईल कशाला? गेल्या चाळीस वर्षांत पंपघरासमोर लागलेले मासे खरे मानले, तर तलावात पाण्याला जागाच उरली नसती. पण इथला शिरस्ताच तसा. चार-चार पौंडांचे दोन मासे हातात लोंबकळत घेऊन माणूस धक्क्यावर उतरतो, शेजारी विचारतो, हा पंपघर सांगतो, तो "अरे वा" म्हणतो, आणि दोघं आपापल्या खोपटात चहा टाकायला जातात. आपली जागा हुडकायला ज्याने त्याने वीस-वीस वर्षं थंडगार पाण्यात गुडघे झिजवलेले असतात. ती सांगायची नसते. आणि पंपघर असं उत्तर आलं की पुन्हा विचारायचं नसतं. एखादा नवखा दुसऱ्यांदा विचारतो, तेव्हा लोक त्याच्याकडे असे बघतात की जणू त्याने भर जेवणात कोणाच्या बायकोचं वय विचारलं.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला अथॉल डिरीननेही हेच उत्तर दिलं. तेव्हा त्याच्या हातात मासा नव्हता. क्लॅरी ट्रिफिटची टोपी होती.

दार उघडलं ते स्नो पेनिकटने. ऐन तिशीत त्याचे केस बर्फासारखे पांढरे झाले, तेव्हापासून त्याचं खरं नाव कोणाला आठवत नाही. आता पंचाहत्तरीचा होता. सगळ्या खोपटांत मिळून वायरलेस त्याच्या एकट्याकडे, म्हणून अथॉल धक्क्यावरून थेट त्याच्याकडे आला होता.

"क्लॅरी गेला," अथॉल म्हणाला. दातांवर दात वाजत होते, अंगातून पाणी निथळत होतं.

"गेला म्हणजे? कुठं गेला?"

"पाण्यात. पाय सुटला त्याचा. बुटांत पाणी भरलं. मी गेलो होतो रे आत. छातीपर्यंत गेलो होतो, स्नो, पण—"

"कुठं? जागा कुठली?"

"पंपघरासमोर."

शब्द निघून गेला. त्याने तो ठरवून सांगितला नव्हता. देवाशपथ, त्या क्षणी त्याच्या डोक्यात काहीच नव्हतं. चटका बसला की हात आपोआप मागे येतो, तसं चाळीस वर्षांची सवय झालेलं तोंड आपोआप बोललं. स्नोने त्याच्याकडे पाहिलं. गरजेपेक्षा श्वासभर जास्तच पाहिलं. मग त्याने नजर खाली घेतली.

"पंपघर," तो म्हणाला. "बरं." आणि वायरलेसकडे वळला.

त्याने तेव्हा एकदाच, फक्त एकदाच, "खरंच ना?" असं विचारलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. पण नाही विचारलं.

खरी जागा तिथून अडीच मैलांवर होती, तलावाच्या पश्चिम टोकाला. तिथे सायडर ओढा येऊन मिळतो. जगाच्या या दक्षिण टोकाला एप्रिल-मेत थंडी पडायला लागली की तपकिरी ट्राउट अंडी घालायला ओढ्यात चढतात, आणि चढण्याआधी आठवडाभर त्याच्या मुखाशी दाटीवाटीने थांबतात. पाणी नुसतं काळं दिसतं. म्हणून मुखापासून शंभर पावलांवर दोन्ही काठांना दोन पांढरे खांब रोवलेत. खांबांच्या आत गळ टाकायचा नाही. सापडलात तर काठी जाते, होडी जाते, परवाना जातो. पण त्याचं कोणी एवढं मनावर घेत नाही. भीती असते ती लोकांची. अंड्यांवर आलेली मासोळी मारणाऱ्याच्या हातचा चहासुद्धा इथे कोणी घेत नाही.

ते खांब दर मार्चमध्ये क्लॅरीच रंगवायचा. मासेमारी मंडळाचा सेक्रेटरी होता तो. तीस वर्षं मेंढ्या कातरल्या पण कधी एका मेंढीला ओरखडा काढला नाही, असा हात. रंगाचा थेंबही खालच्या गवतावर सांडू द्यायचा नाही.

"हंगामाचा शेवटचा दिवस, क्लॅरी," त्या दुपारी अथॉल म्हणाला होता. "पहाटेपासून एका माशाने नाक वर काढलेलं नाही. चल, खांबांच्या आत जाऊ. एकेकच. कोण बघतंय?"

"मी बघतोय की. रंग माझ्या हातचा आहे."

"मग डोळे मीट."

"आमची आई सांगत होती, डिरीनांच्या पोराच्या नादी लागू नकोस म्हणून."

"आणि लागलासच."

"लागलो खरा," क्लॅरी म्हणाला, हसला, आणि होडीत बसला. साठी उलटलेली दोन माणसं, पण चोरून कोणाच्या बागेत शिरणाऱ्या पोरांसारखी खिदळत गेली.

तलाव भरला तेव्हा ओढ्याचं जुनं पात्र पाण्याखाली गेलं, ते अजून तिथे तसंच आहे. गुडघाभर पाण्यातून चालताना पायाखालची जमीन एकदम संपते आणि पुढे दोन पुरुष खोल. दोघांनाही हे पाठ होतं. चाळीसेक पावलांचं अंतर ठेवून ते उभे राहिले आणि दोघांनाही एकाच वेळी मासा लागला.

"अथॉल!" क्लॅरीने हाक मारली.

जाळं मागतोय, अथॉलला वाटलं. "थांब की!" तो हसत ओरडला. "मलाही लागलाय!"

दुसरी हाक आली. तीही त्याने जाळ्याचीच धरली. मासा हातात येईपर्यंत त्याने मान वळवली नाही. वळवली तेव्हा पाण्यावर फक्त टोपी होती.

संध्याकाळी खालच्या खोऱ्यातून सार्जंट रॅन्सली वही घेऊन आला. तेव्हा सांगता आलं असतं. अथॉल स्नोच्या शेगडीपाशी घोंगडं पांघरून बसला होता, आणि खोटं कशाला बोला, त्याच्या मनात पहिला विचार आला तो होडीचा. होडी जप्त होईल. मग परवाना. मग धक्क्यावरच्या माणसांची तोंडं. या विचारांची त्याला लाज वाटली, तोवर त्याला एक भारदस्त कारण सापडलं: क्लॅरीचं नाव. मंडळाचा सेक्रेटरी, स्वतः रंगवलेल्या खांबांच्या आत मेला, असं लोक म्हणतील. मेलेल्या दोस्ताची अब्रू राखायला नको? मोठं कारण हाती लागलं की लहान कारणं त्याच्याखाली छान झाकली जातात.

"पंपघरासमोर," त्याने सार्जंटला सांगितलं. सार्जंट खोऱ्यातला माणूस, मेंढीचोर आणि दारुडे सांभाळणारा. त्याने तसंच लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. शहरातून दोन पाणबुडे आले. हार्टनेलवरच्या एकूण एक माणसाने होडी काढली, हंगाम संपून घरी निघालेले परत फिरले. नऊ होड्या दोरांना लोखंडी आकडे बांधून पंपघरासमोर शेतात नांगर धरावा तशा फिरत होत्या. तीन हजार फूट उंचीवरचं हे पाणी इतकं गार असतं की बुडालेला माणूस वर येत नाही. तो पडेल तिथे तळाशी राहतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर जागा महत्त्वाची. अथॉलही रोज होडी काढायचा. ज्या पाण्यात क्लॅरी नाही, त्या पाण्यात स्वतःच्या हाताने आकडे सोडायचा आणि वर ओढायचा. आकड्याला कधी खडक लागायचा, बहुतेक वेळा काहीच नाही.

मर्ल दुसऱ्या दिवशीच खोऱ्यातून वर आली. क्लॅरीची बायको. बुटकी, जाडजूड, छातीने दमेकरी. तिने कोणाच्या गळ्यात पडून रडारड केली नाही. पंपघराजवळच्या खडकावर तिने कापडी खुर्ची उघडली, गुडघ्यांवर शाल घेतली आणि पाण्याकडे तोंड करून बसली. उजाडलं की यायची, अंधारलं की स्नोच्या बायकोने ओढत आत न्यायची. ती पाण्याशी बोलते, हे लोकांच्या दोन दिवसांनी लक्षात आलं.

दहा वाजता आणि तीन वाजता अथॉल तिला चहा नेऊन द्यायचा.

"साखर?"

"दोन. बस इथं जरा," ती म्हणायची. बसावं लागायचं.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, "त्याला आत्ताच सांगत होते, खाली दव गोठलं असेल, तुझ्या बटाट्यांचं काय ते मला विचारू नकोस. मला वेडी म्हणत असशील."

"नाही गं."

"घरी मला एवढं बोलू देत नव्हता कधी. मधेच उठून शेडमध्ये जायचा. आता ऐकतोय बिचारा. जाईल कुठं?" ती हसली आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. ती इतका वेळ टिकली की अथॉलने तिच्या हातातला कप काढून घेतला.

"खाली जा, मर्ल. छाती भरलीय तुझी. काही सापडलं तर आम्ही..."

"त्याला घेऊन जाईन. पोरीच्या थडग्याशेजारी आम्ही दोघांची जागा राखून ठेवलीय, सतरा वर्षं झाली. तिला काय सांगू, बाप आणला नाही म्हणून?" तिने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून घेतले. "तू आहेस म्हणून बरं वाटतं, अथॉल. शेवटी तू होतास त्याच्याजवळ."

अथॉल उठला. कप धुवायला म्हणून खाली पाण्याशी गेला आणि तिथे बराच वेळ पाठमोरा बसून राहिला. परत जाऊन तिला सांगायचं, त्याने ठरवलं. वळून पाहिलं तर तिचे ओठ हलत होते, ती क्लॅरीशी बोलत होती. त्याला धीर झाला नाही. उद्या सांगू, तो मनाशी म्हणाला. असे तीन उद्या झाले.

सहाव्या संध्याकाळी स्नो आपल्या मासे धुरावर सुकवायच्या खोलीपाशी रिकामाच उभा होता. अथॉल जवळ आला.

"आकड्यांना काही लागत नाही," स्नो म्हणाला.

"खडक आहे तिथं."

"हो. खडकच आहे." स्नोने बुटाच्या टोकाने एक ढेकूळ फोडलं. "मी काही विचारत नाही हं, अथॉल."

"नको विचारूस."

"नाही विचारत."

आणि दोघं उभे राहिले, सभ्य माणसांसारखे. त्या दोघांच्या एकेक मुस्काटात ठेवून द्यावी असं आजही वाटतं. तिकडे खडकावर एक बाई खोकून खोकून अर्धी होत होती, आणि इथे हे दोघं एकमेकांचा मान राखत होते.

शोधाच्या नवव्या सकाळी आभाळ शिसासारखं झालं. सार्जंट रॅन्सली टोपी हातात घेऊन मर्लच्या खुर्चीपाशी आला. बर्फ येतंय, तो म्हणाला. घाटाचा रस्ता बंद होईल. आजचा दिवस पाहू, उद्या पाणबुडे जातील. तुम्हालाही उद्या माझ्या गाडीतून खाली यावं लागेल.

मर्लने सगळं ऐकून घेतलं, वाद घातला नाही. सार्जंट गेल्यावर तिने अथॉलला बोलावलं.

"मला होडीतून ने."

"कुठं?"

"तो गेला तिथं. खडकावरून एवढंसं दिसतं. नेमकी जागा दाखव मला. निरोप घ्यायचाय."

अथॉलने वाऱ्याकडे बोट दाखवलं, तिच्या छातीचं नाव काढलं, होडी गळते म्हणून सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि खुर्चीची घडी घातली.

तो तिला पंपघरासमोर घेऊन गेला. दुसरं काय करणार? किनाऱ्यापासून वीस हातांवर त्याने मोटर बंद केली. लाटा होडीच्या कडेवर थापा मारत होत्या.

"इथं?"

अथॉलने मान हलवली. हो की नाही, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

मर्लने पिशवीतून राखाडी लोकरीचे मोज्यांचे दोन गोळे काढले. एकेका मोज्यात तिने एकेक गोटा घालून वर गाठ मारली होती.

"जुने झाले होते त्याचे. हे नवे विणलेले, घरीच राहिले," ती म्हणाली. "त्याला पाय गार पडलेले अजिबात खपत नाहीत. दगड घातलेत, म्हणजे वर तरंगायचे नाहीत. खाली त्याच्यापर्यंत जातील." मग होडीच्या कडेवरून वाकून, शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "क्लॅरी, मोजे टाकतेय हं. नीट घे."

तिने हात पुढे केला. अथॉलने तिचं मनगट धरलं.

"टाकू नकोस."

"का?"

"तो इथं नाही, मर्ल."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिला अजून काही कळलं नव्हतं. "मग पुढं आहे का जरा?"

"इथं नाहीच तो. कधीच नव्हता. चल, नेतो तुला."

त्याने मोटर सुरू केली आणि होडीचं नाक पश्चिमेला वळवलं. अडीच मैल वारा समोरून होता, पाऊस आणि बर्फ मिळून तोंडावर येत होतं. मर्ल मोजे मांडीवर घट्ट धरून बसली होती. मागे बाकीच्या होड्यांमधली माणसं आकडे हातात धरून उभी राहून बघत होती. कोणी हाक मारली नाही.

टेकडीचा आडोसा आला तसा वारा पडला, पाऊसही थांबला. पांढरे खांब दिसले. मर्लने ते पाहिले आणि तिचा चेहरा बदलला.

"हे त्याचे खांब," ती म्हणाली.

"हो."

"आत होतात तुम्ही?"

अथॉलने मोटर बंद केली आणि सगळं सांगितलं. आत जाऊ असं आपण म्हणालो, तो नको म्हणत होता. कुठे उभा होता, आपण कुठे. तो दोनदा हाक मारत होता आणि आपल्याला वाटलं, जाळं मागतोय. आपण हसलो. थांब म्हणालो. मासा हातात घेतला, मगच मान वळवली. हे सांगताना तो रडत नव्हता. रडायचा आपल्याला काही हक्क आहे असं त्याला वाटत नव्हतं.

"दोनदा?" मर्लने विचारलं.

"दोनदा."

"नाव घेऊन?"

"माझं नाव घेऊन."

तिने एकदा खांबांकडे पाहिलं. मग म्हणाली, "पंपघर का सांगितलंस?"

"तोंडातून गेलं. इथं सगळे तेच सांगतात, मासा कुठंही लागला तरी. खरी जागा कोणी सांगत नाही. मग नंतर... नंतर मला सांगवेना."

"सगळे तेच सांगतात?"

"सगळे."

"म्हणजे हे सगळ्यांना..." ती थांबली. तिला धाप लागली होती. दोन्ही हातांनी होडीची कड धरून तिने श्वास गोळा केला. "नऊ दिवस, अथॉल. नऊ दिवस मी भलत्याच पाण्याशी बोलत बसले. तो इकडे एकटा. आणि तू मला विचारायचास, साखर किती."

तिने कड सोडली आणि मोजे पुन्हा हातांत घेतले.

"कुठंय? दाखव."

हार्टनेलवर अथॉलच्या नजरेची ख्याती होती. इतरांना जिथे नुसतं आभाळाचं प्रतिबिंब दिसे, तिथे तो तळाशी निजलेला ट्राउट दाखवायचा. तो होडीत उभा राहिला. आडोशाचं पाणी काचेसारखं स्थिर आणि स्वच्छ होतं. जमीन संपून जुनं पात्र सुरू होतं, ती कड त्याने डोळ्यांनी धरली आणि सावकाश पुढे सरकला. एक पडलेलं निलगिरीचं झाड. त्याच्या फांद्या. फांद्यांपलीकडे तपकिरी गाळावर जरासा लाल रंग. मर्लनेच विणलेला स्वेटर होता तो.

"तुला दिसतो?"

"दिसतो."

"मला दिसत नाही. नुसते ढग दिसतात."

त्याने पाण्यावरची चकाकी मारणारा आपला काळा चष्मा काढून तिला घातला. तिच्या मागे गुडघ्यांवर बसला, हात तिच्या खांद्यावरून पुढे केला. "ते झाड बघ, आडवं पडलेलं. दिसलं? आता त्याच्या मोठ्या फांदीवरून ये. जिथं ती दुभंगते, तिथून डावीकडे दोन हात. घाई करू नकोस. वर बघू नकोस, पाण्याच्या आत बघ."

"नाही दिसत."

"बघत राहा. दिसेल."

आणि मग तिचा खांदा त्याच्या हाताखाली एकदम ताठ झाला. तिला दिसला होता. ती ओरडली नाही. चष्म्याखालून पाणी वाहत होतं आणि ती बघत होती. किती वेळ ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"मला काठावर उतरव," शेवटी ती म्हणाली. "आणि माणसं आण."

"थंडी आहे. धक्क्यावर सोडतो तुला आणि—"

"मी त्याला सोडून कुठंही जाणार नाही."

त्याने तिला खांबाजवळ उतरवलं. आपला कोट तिच्याभोवती टाकायला गेला, तर तिने तो हाताने बाजूला केला. तिने मोज्यांच्या गाठी सोडल्या, आतले गोटे काढून गवतावर ठेवले, आणि मोजे शालीच्या आत छातीशी धरले. "आता पायांतच घालता येतील," ती म्हणाली, पण ते अथॉलला उद्देशून नव्हतं.

पंपघरासमोर होड्या थांबल्याच होत्या. अथॉल त्यांच्या मधोमध गेला आणि उभा राहून म्हणाला, "सायडर ओढा. खांबांच्या आत, डाव्या काठापासून तीस पावलं, आडव्या झाडापाशी. क्लॅरी तिथं आहे. पहिल्या दिवसापासून तिथंच आहे. मी खोटं बोललो." कोणी शिवी दिली नाही. कोणी काय, कसं, असंही विचारलं नाही. माणसांनी आकडे होडीत ओढून घेतले, पाणबुड्यांना बसवलं आणि मोटरी सुरू केल्या. सार्जंट रॅन्सली तेवढा तोंड उघडं टाकून एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता.

अर्ध्या तासात क्लॅरीला वर काढलं. थंड पाण्याने त्याला चांगलं राखलं होतं. मर्लने कोणाला पुढे येऊ दिलं नाही. तिने स्वतः त्याचे रबरी बूट ओढून काढले, पाय शालीने कोरडे केले, एकेक बोट पुसलं, आणि मोजे घातले. मोजे ताठलेल्या पायांवर नीट चढेनात. ती घाई न करता चढवत राहिली आणि सगळे पुरुष पाण्याकडे बघत उभे राहिले.

दुपारी धक्क्यावर गाडी लागली. बर्फ भुरभुरायला लागलं होतं. क्लॅरीला मागे ठेवलं, दार लावलं. पंचवीस-तीस माणसं टोप्या हातात घेऊन दोन्ही बाजूंना उभी होती. अथॉल एकटा, जरा दूर, आपल्या होडीपाशी. मर्लने गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवला. मग तो काढून घेतला आणि वळली.

"एक विचारायचंय," ती म्हणाली. आवाज बसला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "पंपघर म्हणजे काय, हे तुमच्यापैकी कोणाकोणाला ठाऊक होतं?"

माणसं बुटांकडे बघत होती.

मग स्नो पेनिकटचा हात वर गेला. खांद्याइतका गेला, थांबला, पुन्हा पूर्ण वर गेला. त्याच्या शेजारच्याचा गेला. समोरच्या ओळीत दोन गेले, मग एकदम पाच-सहा. टोप्या धरलेले हात, फाटके हातमोजे घातलेले हात, आकडे ओढून सोललेले हात. शेवटी एकही खाली राहिला नाही.

मर्लने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आणि रोज मला नमस्कार करून जायचात," ती म्हणाली.

ती आत बसली. सार्जंटने दार लावलं. गाडी घाटाच्या वळणाआड जाईपर्यंत कोणी हात खाली घेतला नाही.